अतिवृष्टी खरंच वाढतेय का, की हा निसर्गाचा नेहमीचा चढउतार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठेही धो-धो पाऊस कोसळून गेला की लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, ‘हा सगळा हवामान बदलाचा परिणाम.’ दुसरी म्हणते, ‘असे पाऊस पूर्वीही पडायचेच की!’ दोन्ही बाजूंच्या हातात सत्याचा एकेक तुकडा आहे आणि ते तुकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. पावसाचा दीर्घकालीन कल आणि त्याचा नैसर्गिक चढउतार या दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, एकीवर दुसरी स्वार होते. कुठली गोष्ट कुठे पाहायची हे कळलं की बरेचसे वाद आपोआप मिटतात. सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्याच हेतूने इथे दिली आहेत.

किती पाऊस पडला म्हणजे अतिवृष्टी म्हणायची?

मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली ठरावीक आकड्यांची. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबाने २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याच्या वर गेला की अत्यंत मुसळधार. इशारे द्यायला ही पद्धत सोयीची, कारण ती सगळ्यांना चटकन कळते.

पण वेगवेगळ्या प्रदेशांची तुलना करायची तर ती अपुरी पडते. ज्या वाळवंटात वर्षभरात मिळून ५० मिलिमीटर पडतो, तिथे एका दिवसात पडलेले ४० मिलिमीटर रस्ते वाहून नेतात. चेरापुंजीत तेवढ्या पावसाची कोणी दखलही घेत नाही. म्हणून अभ्यासक त्या-त्या जागेच्या स्वतःच्या इतिहासाशी तुलना करतात. वर्षातला सर्वांत ओला दिवस किती मिलिमीटरचा होता, सलग पाच दिवसांत जास्तीत जास्त किती पडला, किंवा त्या जागेच्या पावसाळी दिवसांपैकी सर्वांत वरच्या पाच टक्क्यांत मोडणाऱ्या दिवसांनी वर्षाला किती पाणी दिलं, असे निर्देशांक वापरले जातात. खाली जिथे ‘कल’ म्हटलं आहे, तिथे बहुतेक वेळा वर्षातल्या सर्वांत ओल्या दिवसाचा आकडा अभिप्रेत आहे.

हवा तापली तर पाऊस का वाढावा?

कारण उबदार हवेत जास्त बाष्प राहू शकतं. एमिल क्लापेरॉन यांनी १८३४ मध्ये आणि रुडॉल्फ क्लाउझिउस यांनी १८५० मध्ये मांडलेल्या नियमातून हे थेट निघतं. २० अंश सेल्सिअसला हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल तर बाष्पाचा दाब साधारण २३ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. ३० अंशांना तोच ४२ च्या पुढे जातो. दहा अंशांत पावणेदोन पटींहून थोडा जास्त! एका अंशाचा हिशेब केला तर वाढ साधारण सहा-सात टक्क्यांची येते.

जोराच्या पावसात ढग आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशातलं बाष्प ओढून घेतो आणि त्यातलं बरंचसं थोड्या वेळात खाली टाकतो. त्यामुळे हवेत बाष्प सात टक्क्यांनी वाढलं की अशा पावसाचं पाणीही साधारण त्याच प्रमाणात वाढतं. शिवाय बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती वर चढणाऱ्या हवेला आणखी जोर देते आणि ढग आणखी बाष्प खेचतो. तास-दोन तासांच्या सरींमध्ये हा परिणाम ठळक असतो. नेदरलँड्समधल्या डी बिल्ट इथल्या तासागणिक नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दिवसाचं तापमान १२ अंशांच्या वर गेलं की तिथे तासाभराचा तीव्र पाऊस अंशामागे सातऐवजी चौदा टक्क्यांपर्यंत वाढताना दिसला. मात्र हा आकडा एका जागेचा आहे आणि तो रोजच्या तापमानातल्या फरकावरून काढलेला आहे. तोच दर पृथ्वीच्या सरासरी तापमानवाढीला जसाच्या तसा लावणं योग्य नाही.

मग एकूण पाऊससुद्धा अंशामागे सात टक्क्यांनी वाढायला हवा ना?

नाही, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते हाच आहे.

जगभरातला वर्षाचा एकूण पाऊस बाष्पाच्या साठ्यावर ठरत नाही, तो उष्णतेच्या जमाखर्चावर ठरतो. पाऊस पडतो तेव्हा वातावरणात उष्णता सोडली जाते आणि वातावरणाला ती अवकाशात फेकावी लागते. हे फेकण्याचं काम तापमानाबरोबर हळूहळूच वाढतं. त्यामुळे एकूण पाऊस अंशामागे फक्त दोन-तीन टक्क्यांनी वाढतो.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. मोठे पाऊस सात टक्क्यांनी वाढतात, एकूण मात्र दोन-तीन टक्क्यांनीच. म्हणजे मधल्या हलक्या-मध्यम सरींच्या वाट्यातून काहीतरी कमी व्हायलाच हवं. पाऊस कमी दिवसांत गोळा होतो आणि कोरडे दिवस वाढतात. ‘वर्षाची सरासरी तर तेवढीच आहे, मग बिघडलं काय?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आजही पाऊस मुळात किती एकवटलेला असतो ते पाहा: जगभरच्या केंद्रांचा हिशेब मांडला तर एखाद्या सर्वसाधारण केंद्रावर वर्षाचा अर्धा पाऊस अवघ्या १२ सर्वांत ओल्या दिवसांत पडून जातो.

हे झालं पुस्तकी गणित. प्रत्यक्ष नोंदींत काय दिसतं?

प्रत्यक्षातही तेच दिसतं, फक्त पुरेशा नोंदी एकत्र पाहाव्या लागतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १९०० ते २००९ या काळातली ८,३२६ केंद्रं तपासली गेली. जवळजवळ दोन तृतीयांश केंद्रांवर वर्षातल्या सर्वांत ओल्या दिवसाचा आकडा चढता होता आणि पृथ्वीच्या सरासरी तापमानातल्या एका अंशामागे वाढ ५.९ ते ७.७ टक्क्यांच्या दरम्यान निघाली. क्लापेरॉन-क्लाउझिउस यांच्या सात टक्क्यांच्या हे इतकं जवळ आहे की तो योगायोग मानायला मन तयार होत नाही.

पण याच आकड्याची दुसरी बाजूही पाहा: एक तृतीयांश केंद्रांवर कल चढता नव्हता. ती केंद्रं खोटी नाहीत. ती का तशी, ते पुढे येईल.

भारतातलं उदाहरण बोलकं आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या पावसाळी पावसाचा अभ्यास मांडला. दिवसाला १०० मिलिमीटरच्या वरचे पाऊस वाढत होते, मध्यम पाऊस घटत होते आणि मोसमाच्या सरासरीत ठळक कल काहीच नव्हता. वाढ आणि घट एकमेकांना झाकून टाकत होत्या. सरासरीच पाहणाऱ्याच्या नजरेतून सगळा बदल निसटला असता. पुढे २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०२१ च्या अहवालात हे सगळं एकत्र तोलून सांगितलं: जिथे पुरेशा नोंदी आहेत अशा बहुतांश भूभागावर १९५० च्या दशकापासून अतिवृष्टीची वारंवारता आणि तीव्रता वाढली आहे आणि त्यामागचं मुख्य कारण बहुधा मानवी आहे. यातले ‘जिथे पुरेशा नोंदी आहेत’ हे शब्द वाचताना गाळू नका. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागांत दीर्घ नोंदीच नाहीत.

नैसर्गिक चढउतार म्हणजे नेमकं काय? कोणी काही न करता पाऊस बदलतो कसा?

तो अनेक थरांत बदलतो. सर्वांत खालचा थर निव्वळ हवेच्या अस्थिरतेचा. एखादं वादळ पन्नास किलोमीटर उत्तरेकडून गेलं की दक्षिणेकडून, यावर एका केंद्राचा वर्षभराचा उच्चांक ठरतो. याला दूरचं कारण शोधू नये.

त्याच्या वर आठवड्यांचा थर: विषुववृत्तालगत साधारण ३० ते ६० दिवसांत पूर्वेकडे सरकणारी ढगांची लाट, जी मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ मध्ये दाखवली. मग वर्षांचा थर: प्रशांत महासागरातले एल निनो आणि ला निना (विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तो एल निनो, थंडावतं तो ला निना), हिंद महासागरातला द्विध्रुव (त्याच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या तापमानातली तफावत), अटलांटिकमधली वायुदाबाची दोलनं. ला निनाची ताकद किती असते? २०१०-११ च्या ला निनात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात इतकं पाणी कोसळलं की एरवी सतत चढणारी जागतिक समुद्रपातळी तात्पुरती सुमारे पाच मिलिमीटर खाली आली. समुद्राचं पाणी काही काळ जमिनीवर राहायला गेलं होतं.

सर्वांत वर दशकांचा थर. प्रशांत आणि अटलांटिक महासागरांचे पृष्ठभाग वीस-तीस वर्षं एका बाजूला झुकलेले राहतात आणि मग पलटतात. हा थर सर्वांत फसवा आहे, कारण माणसाच्या उमेदीच्या काळाएवढा तो लांब असतो. ‘आमच्या तरुणपणी असा पाऊस नव्हता’ हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही त्यातून कल सिद्ध होत नाही, तो याचमुळे.

याशिवाय ज्वालामुखी. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा उद्रेक झाला आणि त्यानंतरच्या वर्षात जगभरच्या जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचे प्रवाह लक्षणीय घटले.

ओली वर्षं अशी गठ्ठ्याने का येतात?

हा प्रश्न नाईल नदीने शंभर वर्षांपूर्वी विचारायला लावला. इजिप्तमध्ये काम करणारे ब्रिटिश जलशास्त्रज्ञ हॅरल्ड हर्स्ट यांना धरणाचा साठा किती मोठा हवा ते ठरवायचं होतं. कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या नाईलच्या पातळीच्या नोंदी सातव्या शतकापासूनच्या आहेत. त्यांत हर्स्ट यांना दिसलं की ओली वर्षं ओल्या वर्षांना चिकटून येतात आणि कोरडी कोरड्यांना, तेही नुसत्या योगायोगाने यावीत त्यापेक्षा कितीतरी जास्त. हे त्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं. महासागर उष्णता साठवून ठेवतो आणि ती सावकाश सोडतो, हे या चिकटपणाचं एक मोठं कारण मानलं जातं.

व्यवहारात याचा अर्थ असा की वीस वर्षं पाऊस चढता राहिला तर तो कल असेल किंवा नुसता ओल्या वर्षांचा गठ्ठा. नेहमीच्या संख्याशास्त्रीय चाचण्या प्रत्येक वर्ष स्वतंत्र आहे असं धरून चालतात, त्यामुळे अशा गठ्ठ्याला त्या उगाचच ‘ठळक कल’ म्हणून पास करतात.

आमच्या केंद्राच्या साठ वर्षांच्या नोंदींत काहीच कल दिसत नाही. मग वाढ खोटी का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर आणि आकड्यांनी पाहू.

समजा, एका केंद्रावर वर्षातल्या सर्वांत ओल्या दिवसाची सरासरी १०० मिलिमीटर आहे. हा आकडा वर्षागणिक बराच हलतो. एखाद्या वर्षी ६०, एखाद्या वर्षी १८०. या हलण्याचं ‘प्रमाण विचलन’, म्हणजे सरासरीपासूनचं सर्वसाधारण अंतर, ४० मिलिमीटर धरू. असं केंद्र अजिबात दुर्मीळ नाही. आता साठ वर्षांचे दोन भाग करा, तीस-तीस वर्षांचे. तीस वर्षांच्या सरासरीतही निव्वळ नशिबाने साधारण ७ मिलिमीटरची चूक राहते (४० ला ३० च्या वर्गमुळाने भागलं की ७.३ येतात). दोन सरासऱ्यांची वजाबाकी केली की ही चूक १० मिलिमीटरच्या थोडी वर जाते.

आणि आपण शोधतोय काय? मधल्या काळात पृथ्वी पूर्ण एक अंश तापली असं धरलं तरी अपेक्षित वाढ सात टक्के, म्हणजे ७ मिलिमीटर. शोधायची वस्तू ७ ची आणि मोजमापातली धूळ १० ची! त्या केंद्रावर कल दिसला नाही तर नवल नाही, उलट दिसला तरी नवल नाही. अपेक्षेच्या दुप्पट वाढ दिसली तरी त्यावर उड्या मारू नयेत.

आता एकमेकांपासून पुरेशी दूर असलेली शंभर केंद्रं घ्या. प्रत्येकाचं नशीब वेगळं असल्याने चुका एकमेकींना खोडतात आणि ती १० मिलिमीटरची धूळ दहापटीने कमी होऊन साधारण १ वर येते. ७ चा कल आता लख्ख दिसतो. प्रत्यक्षात जवळची केंद्रं एकाच वादळाने भिजतात, त्यामुळे फायदा याहून कमी होतो, पण तत्त्व हेच. एका ठिकाणी कल न दिसणं आणि खंडभर तो स्पष्ट दिसणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. आठ हजार केंद्रांपैकी एक तृतीयांश उलट बाजूला का, याचंही उत्तर बव्हंशी यातच आहे.

एकाच दिवशी जवळजवळच्या दोन ठिकाणी इतका फरक पडू शकतो?

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरातल्या कुलाब्याच्या मापकात ७३ मिलिमीटरच्या आसपास. समजा, सांताक्रूझला मापकच नसता तर? त्या दिवसाचा अधिकृत इतिहास ‘मुसळधार पाऊस, ७३ मिलिमीटर’ असा उरला असता.

पावसाचं मोजमाप फार विरळ आहे. २०१७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशेब केला: उपलब्ध असलेल्या जगभरच्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी-शेजारी मांडली तर अर्धं फुटबॉलचं मैदानही भरत नाही. एवढ्या तोंडातून आपण अख्ख्या पृथ्वीचा पाऊस मोजतो. उपग्रहांनी मोठी मदत केली, पण पावसासाठीचा पहिला खास रडार-उपग्रह १९९७ च्या अखेरीस गेला. कल काढायला तो काळ अजून तोकडा आहे.

‘शंभर वर्षांतून एकदा’चा पाऊस दहा वर्षांत दोनदा आला. म्हणजे हिशेब चुकला?

चुकलाच असेल असं नाही. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढंच. काल पडून गेला म्हणून तो पुढची ९९ वर्षं सुट्टीवर जात नाही. तीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. शंभर वर्षांतसुद्धा ६३ टक्केच. एकाच जागी दहा वर्षांत दोनदा येणं मात्र खरोखर दुर्मीळ, हजारात चारच्या आसपास. तसं झालं तर हिशेबाकडे पुन्हा पाहायला हवं.

पण बातमीत येणारी जागा आपण आधी निवडलेली नसते. जगात हजारो जागा आहेत. त्यांपैकी कुठे ना कुठे दरवर्षी ‘शंभर वर्षांतला’ पाऊस पडणारच, तापमान वाढो वा न वाढो.

हा आकडा मुळात काढतात कसा, हेही माहीत असावं. पन्नास-साठ वर्षांच्या उच्चांकांवर एक वक्र बसवून तो पुढे लांबवला जातो. संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि टिपेट यांनी १९२८ मध्ये या वक्रांचा पाया घातला. वक्राचं शेपूट एखाद-दुसऱ्या वादळावर अवलंबून असतं. एक मोठं वादळ नोंदीत आलं की कालचा ‘दोनशे वर्षांतला’ पाऊस आज ‘सत्तर वर्षांतला’ होऊ शकतो. त्यात हवामान बदललेलं नसून फक्त आपली माहिती वाढलेली असते.

दरवर्षी कुठेतरी विक्रम मोडतोच. त्यालाही काही नियम आहे का?

आहे, आणि तो फार सुंदर आहे. हवामान अजिबात बदलत नसेल तर नोंदीच्या पहिल्या वर्षी विक्रम होणारच. दुसऱ्या वर्षी शक्यता १/२, तिसऱ्या वर्षी १/३, शंभराव्या वर्षी १/१००. शंभर वर्षांत सरासरी पाचच्या आसपास विक्रम व्हावेत. म्हणजे नोंद जुनी होत जाईल तसे विक्रम दुर्मीळ व्हायला हवेत. प्रत्यक्षातले विक्रम या अपेक्षेशी ताडून पाहता येतात. २०१५ च्या एका अभ्यासात १९८१ ते २०१० या काळात दैनंदिन पावसाचे विक्रम जगभरात अपेक्षेपेक्षा १२ टक्क्यांनी जास्त आढळले.

मग जगातले सर्वोच्च विक्रम जुनेच का टिकून आहेत?

हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या फोक-फोक इथे जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. अमेरिकेतल्या होल्ट इथे १९४७ मध्ये ४२ मिनिटांत ३०५ मिलिमीटर. चेरापुंजीला ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर. हे आकडे दाखवून ‘बघा, काही बदललं नाही’ असं सांगितलं जातं.

अशा विक्रमासाठी डोंगराची रचना, चक्रीवादळाचा मार्ग, त्याचा मंद वेग हे सगळं एकाच रात्री जुळून यावं लागतं आणि नेमका तिथे मापकही असावा लागतो. हे नैसर्गिक चढउताराचं अगदी टोक. सात टक्क्यांची वाढ त्या टोकावर शोधणं म्हणजे सर्वांत कमी माहिती असलेल्या जागी सर्वांत बारीक वस्तू शोधणं. कल पाहायचा तर तो हजारो केंद्रांच्या साध्या वार्षिक उच्चांकांत पाहावा.

हे सगळं एल निनो-ला निनाचंच काम नाही का?

वर्षावर्षांतल्या फरकाचा मोठा वाटा त्यांचा, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे १९७४, २०११ आणि २०२२ चे पूर तिन्ही ला निनाच्या काळातले. पण ही दोलनं आहेत. एका टोकाला जातात, परत येतात. शंभर वर्षांच्या नोंदीत त्यांची बेरीज-वजाबाकी बरीचशी जुळते. शिवाय ती एका प्रदेशात पाऊस वाढवतात तेव्हा दुसरीकडे घटवतात. खंडोखंडी एकाच दिशेने झालेली वाढ त्यांच्याने समजावता येत नाही.

आणि मुख्य म्हणजे दोन्ही एकत्र काम करतात. आजचा ला निना पन्नास वर्षांपूर्वीच्या ला निनापेक्षा जास्त बाष्प असलेल्या हवेत येतो. पावसाला निमंत्रण ला निना देतो. किती पाणी कोसळेल त्यात तापलेली हवा भर घालते.

एखाद्या पावसात हवामान बदलाचा वाटा किती, हे कसं ठरवतात?

संगणकावर दोन पृथ्व्या चालवून: एक आजची, एक औद्योगिक काळापूर्वीच्या तापमानाची. दोन्हींत तसा पाऊस किती वेळा पडतो ते मोजतात आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहतात. २०१७ मध्ये हार्वे वादळाने टेक्सासमधल्या नेडरलंड इथे १,५३९ मिलिमीटर पाऊस पाडला. ह्यूस्टन परिसरातला तीन दिवसांचा तो पाऊस तापमानवाढीमुळे साधारण १५ टक्क्यांनी वाढला आणि त्याची शक्यता तिप्पट झाली, असं एका अभ्यासगटाने काढलं. म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी तापमानवाढीशिवायही पडलंच असतं! वादळ किनाऱ्यावर अडकून बसलं, हा नैसर्गिक चढउतार. दोन्ही वाक्यं खरी, आणि पाणी घरात शिरतं की उंबऱ्याबाहेर थांबतं हे कित्येकदा त्या वरच्या पंधरा टक्क्यांवर ठरतं.

उत्तर नेहमी असं नेटकं येत नाही. जुलै २०२१ मधल्या जर्मनी-बेल्जियमच्या पुरासाठी वाढ ३ ते १९ टक्के आणि शक्यता १.२ ते ९ पट अशी रुंद पट्टी आली. सप्टेंबर २०२३ च्या लिबियातल्या पावसासाठी ‘५० पटींपर्यंत’ असा आकडा बातम्यांत झळकला, पण तो पट्टीचा वरचा टोकाचा आकडा होता आणि अनिश्चितता फार मोठी असल्याचं त्याच अभ्यासात लिहिलं होतं. तिथे नोंदीच तुटपुंज्या. बातमीत एकच आकडा दिसला तर पट्टी किती रुंद होती ते नक्की शोधा.

संगणकाची प्रारूपं नैसर्गिक चढउतार कसा दाखवतात?

अमेरिकेतल्या वातावरण संशोधन केंद्राने एकच प्रारूप (हवामानाची संगणकातली गणिती नक्कल) चाळीस वेळा चालवलं. भौतिकशास्त्र तेच, हरितगृह वायू तेच. फक्त सुरुवातीच्या तापमानात अंशाच्या एक अब्जांशाहूनही कमी फरक. काही आठवड्यांत चाळीसही हवामानं एकमेकांपासून वेगळी झाली. पुढची पन्नास वर्षं एखाद्या प्रदेशाचा पाऊस एका प्रतीत झपाट्याने वाढतो, दुसरीत जवळजवळ स्थिर राहतो. चाळिसांची सरासरी म्हणजे कल, त्यांच्यातला पसारा म्हणजे नैसर्गिक चढउतार. आपल्या वाट्याला मात्र या चाळिसांपैकी एकच प्रत येते.

धूर आणि धुळीचा काही संबंध?

मोठा आहे. गंधकयुक्त सूक्ष्मकण सूर्यप्रकाश अडवतात, जमीन थंड ठेवतात आणि मोसमी पाऊस कमकुवत करतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी अतिवृष्टीची वाढ अंशतः दाबून ठेवली. हवा स्वच्छ होत जाईल तसा हा दाब उठतो. हवा स्वच्छ करायलाच हवी, पण पावसाचा अंदाज बांधताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

पुढे किती वाढेल?

आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या त्याच अहवालात याचं उत्तर आहे. औद्योगिक काळापूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा एका दिवसाचा पाऊस घ्या. एका अंशाच्या तापमानवाढीत तो १.३ पट वेळा येतो आणि ६.७ टक्के जास्त पाणी आणतो. दीड अंशाला १.५ पट आणि १०.५ टक्के. दोन अंशांना १.७ पट आणि १४ टक्के. चार अंशांना २.७ पट आणि ३० टक्क्यांच्या पुढे. पाऊस जितका दुर्मीळ, तितकी त्याच्या वारंवारतेची वाढ मोठी. हे जगाच्या जमिनीचे सरासरी आकडे आहेत. एखाद्या प्रदेशात वाऱ्यांचे मार्ग बदलले तर चित्र वेगळं असेल.

अतिवृष्टी वाढली म्हणजे पूरही तितकेच वाढणार?

सरसकट नाही. कोरडी माती पाणी पिते, बर्फ कमी असेल तर वसंतातले पूर ओसरतात. युरोपात १९६० ते २०१० या काळात वायव्य भागात पूर वाढले, तर दक्षिण आणि पूर्व भागांत घटले. पण लहान ओढे आणि सिमेंटने झाकलेली शहरं यांना मातीची ही मदत मिळत नाही. तिथे तासाभराचा पाऊस थेट पुरात उतरतो.

नाले, पूल, धरणं यांची आखणी मग कशावर करायची?

केवळ जुन्या नोंदींवर नाही आणि केवळ सात टक्क्यांची भर घालूनही नाही. नुसती भर घातली की कल धरला जातो, पण चढउतार निसटतो. आजच्याच हवामानात अजून न पडलेले मोठे पाऊस शक्य असतात. ब्रिटनच्या हवामान खात्याने आजच्या हवामानाच्या संगणकीय प्रती हजारोंनी तपासल्या. इंग्लंड आणि वेल्सच्या एखाद्या तरी विभागात महिन्याच्या पावसाचा जुना विक्रम मोडण्याची शक्यता दर हिवाळ्यात ३४ टक्के निघाली. विक्रमालाच कमाल मर्यादा समजून बांधलेला पूल म्हणूनच धोक्यात असतो. आधी आजच्या चढउताराची खरी रुंदी मोजावी, मग तिच्यावर कलाची भर घालावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

माझ्याकडे एका केंद्राच्या जुन्या नोंदी आहेत. तपासताना काय पाहू?

सुरुवातीचं वर्ष आधी पाहा. नोंद कोरड्या दशकात सुरू झाली असेल तर कल आपोआप चढता दिसेल. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही अतिवृष्टीची वारंवारता बरीच वर होती. मधल्या कोरड्या दशकांपासून आलेख सुरू केला की वाढ आहे त्याहून मोठी भासते. सुरुवात पाच-दहा वर्षं मागेपुढे करून कल टिकतो का ते बघा.

मग मापकाचा इतिहास काढा. जागा बदलली का, शेजारी इमारत उठली का, हाताने मोजायच्या मापकाऐवजी स्वयंचलित मापक कधी आला? आपोआप कलंडणाऱ्या भांड्याचे मापक फार जोराच्या सरीत कमी मोजतात. दिवस कुठल्या वेळी बदलतो तेही पाहा. सकाळी साडेआठला मोजणाऱ्या केंद्रावर आठ ते नऊ या वेळेत पडलेली एकच सर दोन दिवसांत वाटली जाते. म्हणूनच ठरावीक वेळेच्या दैनंदिन उच्चांकावरून कुठल्याही सलग २४ तासांचा उच्चांक काढताना सरसकट १.१३ ने गुणण्याची जुनी रीत आहे.

आणि रिकाम्या जागा शून्य म्हणून भरू नका. वादळात मापक ओसंडतो, वाहून जातो, मोजणारा तिथवर पोहोचू शकत नाही. त्यामुळे नोंदवहीत सर्वांत मोठ्या पावसाचाच दिवस कोरा राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. तिथे शून्य लिहिलं की वर्षाचा उच्चांक बदलतो. अशा प्रत्येक कोऱ्या दिवसासाठी आसपासच्या केंद्रांच्या आणि नदीच्या पातळीच्या नोंदी आधी काढून पाहा.